सिलासच्या वाट्याचा बांध

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता आलं तरी गोष्टीत त्याचं काही काम नाही. काम आहे ते एका बांधाचं.

खाडीच्या काठी एक लहानसं गाव होतं. गावातली सगळी घरं प्रभू येशूला मानणारी. त्यांच्या वाडवडिलांनी खाडीचं पाणी अडवायला चिखलाचा लांबलचक बांध घातला होता. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं. बांध आहे तोवर भात, बांध गेला की मीठ. लहान पोरालाही हे ठाऊक होतं.

चिखलाच्या बांधाचा खरा वैरी लाट नव्हे, खेकडा. तो खाडीच्या अंगाने रोज नवं बीळ करतो. भरतीचं पाणी त्या बिळात शिरतं, ते रुंद करतं, आणि एखाद्या मोठ्या उधाणाला बांधच फुटून खांड पडते. म्हणून वाडवडिलांनी बांधाचे वाटे पाडले होते. प्रत्येक घराला एक वाटा, आणि दोन वाट्यांच्या मध्ये क्रूस कोरलेला एक दगड. ज्याचा वाटा त्याने रोज ओहोटीला फेरी मारायची, प्रत्येक बिळात हात घालून चिकणमाती आणि पेंढा ठासायचा आणि वरून टाचेने दाबायचं. दुसऱ्याच्या वाट्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेजारी आपलं काम परस्पर करून टाकतो म्हटलं की माणूस लगेच पाय पसरतो, हे त्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत असावं.

आणखी एक रीत होती. रविवारी देवळात प्रभुभोजनाआधी प्रत्येक घरचा कर्ता पुढे यायचा आणि मेजावर हात ठेवून म्हणायचा, “माझा बांध धड आहे.” ज्याला तसं म्हणता येत नसे, तो त्या रविवारी भाकर न घेता बांधावर जायचा. कोणी तपासायला जात नसे. प्रभूच्या मेजावर हात ठेवून खोटं कोण बोलेल?

या गावात सिलास नावाचा एक शेतकरी होता. माणूस वाईट नव्हता. उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर, गाण्यात आवाज सगळ्यांच्या वर. पण आदल्या साली तो तापाने अंथरुणाला खिळला, आणि बरेच आठवडे बांधाकडे फिरकला नाही. उठून चालायला लागला तेव्हा काळजीने शेतात गेला आणि शेताच्या बाजूनेच बांधाकडे पाहिलं. बांध जसाच्या तसा! ना ओल, ना भेग.

सिलासचे डोळे भरून आले. घरी येऊन तो बायकोला, रिबकाला म्हणाला, “बघितलंस? मी नव्हतो तरी बांध राहिला. प्रभूने राखला. आपल्या घरावर त्याचा खास हात आहे.”

“प्रभूचा हात आहेच,” रिबका म्हणाली. “पण उद्यापासून तुमचाही लावा.”

सिलासने तो लावला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता पुढचं उधाण येऊन गेलं आणि बांध धडच राहिला. मग त्याची खात्रीच पटली. इतरांना रोज चिखलात कोपरापर्यंत हात घालावे लागतात, कारण त्यांचा विश्वास कमी. आपला भक्कम आहे. असं तो मोठ्याने कधी बोलला नाही, एवढी लाज त्याला होती. पण दर रविवारी मेजावर हात ठेवून “माझा बांध धड आहे” म्हणताना त्याची मान जरा ताठ व्हायची. आळसाला देवाची कृपा म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतक्या प्रामाणिकपणे म्हणणारा हा एकच.

सिलासच्या शेजारचा वाटा आमोसचा. आमोस वयाने थोडा मोठा, बोलायला कमी. सिलास त्याला तोंडावर ‘आमोसदादा’ म्हणायचा. एके दिवशी ओहोटीच्या वेळी सिलास अंगणात बसला होता, आणि त्याने आमोसला पाहिलं. आमोसच्या डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली होती. तो आपल्या वाट्यावरून चालत आला, क्रूसाच्या दगडापाशी थांबला, मागे वळून पाहिलं, आणि दगड ओलांडून सिलासच्या वाट्यावर उतरला. खाडीच्या बाजूला, जिथे तिवरांच्या झाडांची गर्दी होती तिथे, तो दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा टोपली रिकामी होती.

सिलासच्या मनात काहीतरी खुपलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पाहिलं. आमोस पुन्हा आला, पुन्हा मागे वळून पाहिलं, पुन्हा दगड ओलांडला.

संध्याकाळी विहिरीवर गाठ पडली तेव्हा सिलास सहज विचारल्यासारखं म्हणाला, “आमोसदादा, बांधाकडे फार दिसता हल्ली?”

आमोस गडबडला. “खेकडे धरायला जातो,” म्हणाला, आणि पोहरा उचलून निघून गेला.

खेकडे धरायला! सिलास घरी आला तो पेटूनच. “भरलेली टोपली घेऊन जातो आणि रिकामी घेऊन येतो. खेकडे धरणारा माणूस असं करतो का?”

“मग सरळ विचारा ना, टोपलीत काय असतं ते,” रिबका म्हणाली.

“विचारलं तर सावध होईल.”

“आणि सावध झाला तर?”

सिलास उठून अंगणात गेला. संशय घेणाऱ्याला उत्तर नकोच असतं. उत्तर मिळालं की त्याचा उद्योगच संपतो.

त्या दिवसापासून सिलास आमोसवर पाळत ठेवू लागला. ओहोटी लागली की शेताच्या कडेला गवताच्या उडवीमागे जाऊन बसायचा. ओहोटीची वेळ रोज सरकते, पण सिलासची कधी चुकली नाही. ऊन असो, वारा असो, जेवण ताटात असो, हा उठून जायचा. ज्या शिस्तीने तो त्या उडवीमागे बसला, तिच्या निम्म्या शिस्तीने बांधावर चढला असता तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती. बांध हाकेच्या अंतरावर होता.

तिथून दिसायचं तेवढंच दिसायचं. आमोस बांधाच्या माथ्यावर गुडघे टेकतो. आमोसचा हात पलीकडच्या अंगाला खांद्यापर्यंत खाली जातो. आमोस इकडे तिकडे पाहतो. सिलासने मनात जुळवाजुळव केली. हा माझा बांध आतून पोखरतोय. आणि काढलेली माती टोपलीत भरून नेत नाही, म्हणजे खाडीत टाकत असणार. का? माझं शेत बुडावं म्हणून. माझ्या घरावर प्रभूचा हात आहे, तो त्याला बघवत नाही म्हणून.

एकदा असं ठरलं की मग सगळं त्यातच बसायला लागतं. आमोसच्या बायकोने वाल पाठवले. सिलासने ते गाईला घातले. आमोसने रस्त्यात हात जोडून “प्रभूची शांती” म्हटलं. सिलासला त्यात टोमणा ऐकू आला. उपासनेत पाळक प्रार्थना करत असत आणि सिलासचे डोळे उघडे असत, आमोसच्या नखांतल्या काळ्या चिखलावर. त्याचा आवाज गाण्यात अजून सगळ्यांच्या वर होता, पण कोणतं गाणं चाललंय हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. झोप उडाली, अन्न गोड लागेना. रिबका म्हणाली, “अहो, तुम्हाला पुन्हा ताप येणार आहे.” तर त्याने तिच्याकडेच रोखून पाहिलं, की ही आमोसची बाजू का घेतेय.

शेवटी त्याला राहवेना. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, पुनवेचं मोठं उधाण जवळ आलं होतं. सिलास म्हाताऱ्या पाळकांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पाळकांनी मंडळी बोलावली.

“आमोस,” पाळकांनी विचारलं, “तू सिलासच्या वाट्यावर जातोस?”

“जातो, पाळकबाबा.”

“त्याला विचारून?”

“नाही.”

लोकांत कुजबुज झाली. आमोस म्हणजे गावातला सगळ्यांत सरळ माणूस, आणि तो वाडवडिलांची रीत मोडतो?

“टोपलीत काय नेतोस?”

“माती.”

कोणीतरी हसलं. सिलास उठून उभा राहिला. “माझा बांध धड असताना याने तिथे माती कशाला न्यायची, विचारा त्याला! आणि मला खेकड्यांचं का सांगितलं, तेही विचारा!”

आमोसने सिलासकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, “मी बांधाला इजा केलेली नाही. याहून जास्त मला इथे सांगता येणार नाही.”

पाळक दयाळू होते, पण रीत ती रीत. त्यांनी सिलासला विचारलं, “तुझ्या बांधाचं काही नुकसान झालंय? तू पाहिलंस?”

“धड आहे, पाळकबाबा,” सिलास म्हणाला. “प्रभू राखतो.” त्याने पाहिलेलं नव्हतं.

मग पाळकांनी निवाडा दिला. आमोसने क्रूसाचा दगड ओलांडायचा नाही. आणि जोवर तो खरं कारण सांगत नाही, तोवर त्याने प्रभूच्या मेजापाशी यायचं नाही, देवळाच्या पायरीवर बसायचं. लहानपणापासून त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. आमोसने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

लोक पांगल्यावर त्याने सिलासला गाठलं. “सिलास, माझ्यावर राग धर, पण एक ऐक. ओहोटीला तुझ्या बांधावर खाडीच्या बाजूने एक फेरी मार. तिवरांच्या वळणापाशी नीट बघ. उद्याच जा.”

आता सांगा, याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं? पण सिलास घरी जाताना विचार करत होता: हा मला तिथे का पाठवतोय? एकट्याला? वळणापाशी? याने तिथे काहीतरी करून ठेवलंय. मी गेलो की ओरडेल, सिलासनेच आपला बांध फोडला म्हणून. नाही, मी काही फसणार नाही.

आणि तो गेला नाही. ओहोटी आली की तो आता आमोसच्या घराकडे तोंड करून बसायचा. आमोस आपल्या वाट्याची फेरी मारायचा, क्रूसाच्या दगडापाशी येऊन उभा राहायचा, पलीकडे बघत राहायचा आणि मागे फिरायचा. सिलासला वाटायचं, बरं झालं, खोड मोडली.

पुनवेचा रविवार आला. ऐन दुपारी भरती होती. देऊळ भरलं होतं, आमोस बाहेर पायरीवर बसला होता. गाभण गाय अडली होती म्हणून रिबका घरी राहिली होती. एकेक कर्ता पुढे येऊन मेजावर हात ठेवत होता. सिलास पुढे आला, मान ताठ केली आणि म्हणाला, “माझा बांध धड आहे.”

त्याच्या मागे अजून दोघे उरले होते, एवढ्यात बाहेरून रिबकाची हाक आली. ती धावत आली होती, तिच्या पायांना चिखल होता, आणि तिला धड बोलताही येत नव्हतं. “पाणी,” ती म्हणाली. “आपल्या शेतात पाणी.”

सगळं देऊळ रिकामं झालं. सर्वांत पुढे आमोस पळत होता, त्याच्या मागे सिलास. बांधाला तिवरांच्या वळणापाशी खांड पडली होती. अजून ती दारापेक्षा मोठी नव्हती, पण तिच्यातून खाडी आत कोसळत होती. सिलासचं पोटरीतलं भात आडवं झालं होतं. पाणी आमोसच्या खोलगट शेतात उतरत होतं, आणि तिथून पुढे सगळ्या गावाचं भात उभं होतं.

आमोस क्रूसाच्या दगडापाशी येऊन थांबला. पाळकांनी मनाई केली होती, म्हणून दगड ओलांडेना. वळून ओरडला, “सिलास, पाय ठेवू का?”

सिलासच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली असेल? खरं तेच सांगतो. त्याच्या मनात आलं, यानेच फोडला असणार. तो दगड ओलांडून बांधावर चढला आणि वर्षाहून जास्त काळाने पहिल्यांदा खाडीच्या बाजूला डोकावला.

पाण्याच्या वर बांधाचा जो भाग उघडा होता, त्यावर जागोजागी मातीचे डाग होते. जुने, वाळून पांढरे पडलेले. नवे, अजून काळसर. प्रत्येकात पेंढा, प्रत्येकावर टाचेचा ठसा. आणि त्यांच्या मधे मधे ताजी बिळं, आमोसला अडवल्यानंतरची, एकही न बुजवलेली. सगळ्यांत जास्त वळणापाशी.

सिलासने एका डागावर हात ठेवला. देवाने राखलेला बांध! राखला होता खरा, पण कोणाच्या हातांनी, हे आता त्याच्यासमोर वाळून चिकटलेलं होतं.

“सिलास!” आमोस पुन्हा ओरडला. “ठेवू का पाय?”

“ये, दादा,” सिलास म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. म्हणून तो मोठ्याने ओरडला, “ये!”

मग गावाने जे हाताला लागेल ते आणलं. दारं काढली, बाजा-खाटा आणल्या, देवळातली बाकं उचलून आणली, त्यामागे पेंढा आणि माती लोटली. सिलास आणि आमोस छातीइतक्या पाण्यात खांद्याला खांदा लावून बाकं धरून उभे राहिले. ओहोटी लागली तेव्हा कुठे पाणी हटलं. गाव वाचलं. पण सिलासचं शेत गेलं होतं, आणि त्याला लागून आमोसचंही.

दोघे चिखलात बसले होते. सिलास म्हणाला, “का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर तुला पायरीवर बसवलं, तरी का नाही बोललास?”

“तू तापात होतास तेव्हा पहिल्यांदा बुजवलं,” आमोस म्हणाला. “तू उठलास, आणि मी वाट बघितली. तू आलाच नाहीस. बिळं तर रोज पडत होती. मग बुजवत राहिलो. तू मेजावर हात ठेवून बोलायचास, ते खोटं ठरू नये असं वाटायचं. त्या दिवशी बोललो असतो तर सगळ्यांसमोर तूच खोटा ठरला असतास.”

“मी खोटाच होतो.”

“हो,” आमोस म्हणाला. “आणि मी तुला खोटा राहायला मदत केली. पहिल्याच आठवड्यात तुझ्या दारात येऊन सांगायला हवं होतं, की सिलास, ऊठ. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून टोपली झाकून फिरलो. प्रभूने तुझा वाटा तुला दिला होता, मला नाही.”

माझं मत विचाराल, तर आमोस बरोबर बोलला. लपून केलेल्या चांगुलपणानेही कधी कधी घर बुडतं. म्हातारे पाळक जवळच उभे होते. ते म्हणाले, “मी जिभा तपासल्या, बांध नाही तपासला. मलाही पायरीवर बसायला हवं.”

पुढच्या रविवारी सिलास देवळात उभा राहिला आणि त्याने मंडळीला सगळं सांगितलं, काही न लपवता. पाळकांनी आमोसला हात धरून आत आणलं. आमोसने सिलासला तिथल्या तिथे क्षमा केली, मंडळीनेही केली. पण क्षमा केली म्हणून जमिनीतलं मीठ जात नाही. ते पावसाने धुऊन जायला काही वर्षं लागतात. तोवर सिलासच्या शेतात काही उगवलं नाही, आणि आमोसच्याही नाही. आमोस दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागला. रोज सकाळी तो सिलासच्या दारावरून जायचा आणि “प्रभूची शांती” म्हणायचा. आता त्यात टोमणा नव्हता हे सिलासला कळत होतं, आणि म्हणूनच ते शब्द जास्त लागायचे.

सिलास रोज ओहोटीला बांधावर जाऊ लागला. सुरुवातीला लाजेने जायचा, मग सवयीने. हळूहळू असं झालं की बिळात हात घालताना त्याच्या तोंडून प्रार्थना यायची, आणि ती मोठ्या आवाजातली नसायची. शेजारच्या वाट्यावर कोण काय करतंय हे बघायला त्याला वेळच उरला नाही.

पण मेजापाशी तो गेला नाही. पाळकांनी बोलावलं, रिबकाने समजावलं. तो म्हणायचा, “ज्याचं शेत मी बुडवलं त्याच्या घरी भात येऊ दे, मग येईन.”

काही पावसाळे गेले आणि एका साली आमोसचं शेत पिकलं. फार नाही, पण पिकलं. त्या रविवारी प्रभूच्या मेजावरची भाकर आमोसच्या घरच्या नव्या तांदळाची होती. पाळकांनी ती मोडली. आमोस आपल्या जागेवरून उठला, मागच्या बाकावर बसलेल्या सिलासपाशी गेला, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला पुढे घेऊन आला. सिलासने भाकर तोंडात घातली. तो ओक्साबोक्शी रडला, आणि मंडळीतल्या कोणीही त्याच्याकडे टक लावून पाहिलं नाही, कारण ते रडणं फक्त त्याचं आणि प्रभूचं होतं.

म्हणून लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: प्रभूने जो वाटा आपल्या हाती दिला आहे तो रोज आपल्याच हातांनी राखावा लागतो, दुसऱ्यावर नजर ठेवून कोणाचंही जीवन धड राहत नाही.